ओटीपोटाची एम. आर. आय. तपासणी : आधीची भीती आणि नंतरचे दुखणे

आपल्या बीड जिल्ह्याच्या बोलीत गेल्या काही वर्षांत वैद्यकातले अनेक शब्द येऊन स्थिरावले आहेत. पूर्वी ‘फोटो काढायला सांगितलाय’ म्हटले की क्ष-किरण चित्र, एवढेच समजले जाई. पुढे ‘सोनोग्राफी’ आली आणि आता ‘एम. आर. आय.’ हे नाव एस. टी. स्टँडावरच्या गप्पांतही ऐकू येते. शब्द रुळला, परंतु त्यामागची वस्तू मात्र परकीच राहिली. या तपासणीत शरीरातून वीज सोडतात, तिने हाडे ठिसूळ होतात, बाईला ती केल्यावर मूल राहत नाही, असे नाना समज गावोगाव ऐकू येतात. त्यांत ही तपासणी ओटीपोटाची असेल तर भीतीच्या जोडीला संकोचही येतो. तपासणीहून परतलेल्या बाईचे पोट किंवा कंबर दुखू लागली, तर घरात लगेच निष्कर्ष निघतो, ‘त्या मशीनमुळेच झालं हे!’

आपण कला शाखेचे विद्यार्थी. विज्ञानाशी आपला संबंध अकरावीलाच संपला, असे आपण मानतो. परंतु घरातले शिकलेले माणूस म्हणून दवाखान्याचा कागद शेवटी आपल्याच हातात दिला जातो आणि ‘वाच रे, काय लिहिलंय’ हा प्रश्नही आपल्यालाच विचारला जातो. म्हणून ही तपासणी म्हणजे काय, तिच्यानंतर जे त्रास होतात ते कशामुळे होतात, त्यांवर घरी काय करावे आणि कोणत्या त्रासासाठी तातडीने डॉक्टरांकडे धाव घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यंत्राचे काम कसे चालते?

एम. आर. आय. म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने शरीराच्या आतील भागाचे चित्र घेणे. आपल्या शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूंची केंद्रके अतिशय लहान चुंबकसूचींसारखी वागतात. यंत्राच्या बोगद्यात माणसाला झोपविले की तेथील प्रचंड चुंबकामुळे या सूचींचा कल एका दिशेकडे होतो. मग रेडिओलहरींचा एक झटका देऊन त्यांना त्या दिशेपासून किंचित ढळवितात. लहर थांबली की त्या पुन्हा मूळ स्थितीकडे येऊ लागतात आणि येताना क्षीण संदेश सोडतात. चरबी, स्नायू, गर्भाशयाची भिंत, द्रव भरलेली गाठ या प्रत्येकाचा परतण्याचा वेग निराळा असतो. या फरकावरून संगणक चित्र तयार करतो.

यंत्राचा चुंबक बहुधा दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचा असतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी तुलना केली तर दीड टेस्लाची शक्ती सुमारे तीस हजार पट भरते. यात क्ष-किरण मुळीच नसतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. रेडिओलहरी या आकाशवाणीच्या लहरींच्याच जातीच्या होत. त्यांनी हाडे ठिसूळ होत नाहीत की वंध्यत्व येत नाही.

या शोधाचा इतिहासही मनोरंजक आहे. अणुकेंद्रांच्या या वर्तनाच्या संशोधनाबद्दल फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांना १९५२ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. सबंध माणूस यंत्रात झोपवून त्याच्या छातीचे पहिले चित्र अमेरिकेत रेमंड डमाडियन यांनी ३ जुलै १९७७ रोजी घेतले. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले होते. पुढे पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफिल्ड यांच्या कामामुळे ही पद्धत वेगवान व उपयुक्त झाली आणि २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्या दोघांना देण्यात आले. आज ओटीपोटाची तपासणी साधारणतः अर्धा ते पाऊण तासात होते.

ओटीपोटासाठी ही तपासणी सरसकट सांगितली जात नाही. प्रथम सोनोग्राफी होते. तिच्यात नीट उलगडा झाला नाही, गर्भाशयातील गाठी नेमक्या कोठे व किती हे पाहावयाचे असले, गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढल्याची शंका आली किंवा कर्करोग कोठवर पसरला हे ठरवावयाचे असले, म्हणजे एम. आर. आय. करतात. पुरुषांनाही ती भगंदर, पुरःस्थ ग्रंथी किंवा खुब्याच्या सांध्याच्या विकारासाठी करावी लागते. तेव्हा ‘बायकांची तपासणी’ असे तिला समजण्याचे कारण नाही.

आत जाण्यापूर्वी

नंतरचे निम्मे त्रास आधीच्या तयारीने टळतात. यंत्राचा चुंबक चोवीस तास जागा असतो. तपासणी चालू नसली तरी त्याची ओढ कायम असते. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये एका रुग्णाबरोबर आलेला तरुण नातेवाईक लोखंडी प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला आणि नळकांड्यासह यंत्राकडे खेचला जाऊन प्राणास मुकला. दारावरची सूचना म्हणजे उपचार नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले.

आपल्याकडच्या बायकांच्या अंगावर धातू किती ठिकाणी असतो पाहा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, मोरणी, केसांतले आकडे, पोलक्याचे हूक आणि पदराला लावलेली सेफ्टी पिन! जोडवी व मंगळसूत्र उतरविणे अनेकींना अशुभ वाटते, म्हणून त्या ती लपवून ठेवतात. सोने चुंबकाला चिकटत नाही हे खरे, परंतु रेडिओलहरींनी धातू तापू शकतो आणि त्वचा भाजू शकते. जरीच्या कपड्याचेही तेच. तेव्हा अर्ध्या तासापुरते सौभाग्यलेणे सासूबाईंच्या ओटीत ठेवावे, त्याने सौभाग्याला काही बाधा येत नाही!

शरीराच्या आत काय आहे तेही सांगितले पाहिजे. हृदयाचा पेसमेकर, कानातील यंत्र, मेंदूतील क्लिप, हाडात घातलेली सळई, तसेच वेल्डिंगच्या किंवा खरादाच्या कामात डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण या गोष्टी फॉर्म भरताना सांगावयाच्याच. तांबी बसविलेली असल्यास आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली असल्यास तेही सांगावे. तांबी असताना ही तपासणी सामान्यतः करता येते, पण सांगून करणे बरे. गर्भ राहिल्याची शंका, मूत्रपिंडाचा विकार, दमा, पूर्वी एखाद्या इंजेक्शनाची आलेली ॲलर्जी या गोष्टी लपविणे तर स्वतःच्याच जिवाशी खेळणे होय.

तपासणीनंतरचे त्रास

आता मुख्य विषयाकडे वळू. चुंबक व रेडिओलहरी यांच्यामुळे ओटीपोटात कळा येत नाहीत. मग तपासणीनंतर दुखते ते का? त्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती वेगळी ओळखता आली तर अर्धी चिंता दूर होते.

पहिले कारण अगदी साधे आहे. अर्धा-पाऊण तास कठीण पाटावर उताणे, न हलता पडून राहावे लागते. ज्यांची कंबर आधीच कामाने झिजली आहे, त्यांना हे पडून राहणेच शिक्षा ठरते. त्यातच लांबून प्रवास करून आलेले असावे आणि त्याच रस्त्याने परतावयाचे असावे! अशा वेळी गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी, ती देतात. तपासणी संपल्यावर एकदम उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे आणि मगच उभे राहावे. जोरदार चुंबकाजवळून बाहेर येताना काहींना क्षणभर भोवळल्यासारखे होते, त्यासाठीही हे थांबणे उपयोगी पडते. घरी कंबर शेकावी, थोडे चालावे. दुखणे जास्त असेल आणि पूर्वी चालत आली असेल तर पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी. एक-दोन दिवसांत हे दुखणे ओसरते.

दुसरे कारण उपासाचे. तपासणीपूर्वी बहुधा चार ते सहा तास काही खाऊ देत नाहीत. सकाळचा चहा चुकला की ज्यांचे डोके ठणकते, त्यांना डोकेदुखी व मळमळ होते आणि तिचा दोष यंत्रावर जातो. बाहेर आल्यावर पाणी प्यावे, थोडे खावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपासाच्या दिवशी गोळी वा इन्सुलिन केव्हा घ्यावयाचे हे आधीच विचारून ठेवावे. मूत्राशय फार भरलेले ठेवल्यानेही ओटीपोट तणावते. लघवीला जाऊन आल्यावर हलके वाटले तर कारण समजले म्हणावे.

तिसरे कारण आतडी शांत करणाऱ्या इंजेक्शनाचे. आतडी सतत हलत असतात आणि त्यामुळे चित्र पुसट येते. म्हणून पुष्कळदा हायोसिन नावाचे औषध टोचतात. त्याने तोंड कोरडे पडते, छातीत धडधडते, जवळचे अक्षर थोडा वेळ अस्पष्ट दिसते आणि लघवी अडखळत होते. हे परिणाम काही वेळात आपोआप जातात. दृष्टी स्वच्छ होईपर्यंत मोटारसायकल चालवू नये. मात्र डोळा लाल होऊन कमालीचा दुखू लागला, दिसेनासे झाले किंवा लघवी अजिबात होईना, तर ते अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कधी कधी योनिमार्गात किंवा गुदमार्गात जेली घालतात. ती नंतर थोडी थोडी बाहेर येते. बायका ती पाहून घाबरतात. एक-दोन दिवस घडी वापरली की काम भागते. ही जेली घालताना स्त्री परिचारिका हवी, असे सांगण्याचा प्रत्येक स्त्रीला अधिकार आहे. आधी समजावून न सांगता असे काही केले गेले तर त्याची वेदना शरीराहून मनाला अधिक होते. म्हणून ‘काय करणार आहात?’ हा प्रश्न विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

चौथे कारण शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचे. गॅडोलिनियम या धातूपासून केलेले हे औषध चित्रातील फरक उठावदार करते. ते सर्वांना देत नाहीत. देताना हातात गार वाटते, तोंडात धातूची चव येते, क्वचित मळमळते व डोके दुखते. थोड्या वेळात हे थांबते. निरोगी मूत्रपिंडे या औषधाचा बहुतांश भाग चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे. अत्यल्प अंश शरीरात मागे राहतो असे पुढे आढळले आहे, परंतु मूत्रपिंडे चांगली असणाऱ्यांत त्यापासून अपाय सिद्ध झालेला नाही. ज्यांची मूत्रपिंडे फारच निकामी झाली आहेत, अशा काहींना या औषधामुळे त्वचा व अवयव कठीण होण्याचा गंभीर विकार झाल्याचे २००६ साली लक्षात आले. तेव्हापासून मूत्रपिंडाची चौकशी केल्याशिवाय ते देत नाहीत आणि औषधाचे अधिक सुरक्षित प्रकार वापरले जातात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात त्याचा अगदी नाममात्र अंश उतरतो, त्यामुळे पाजणे थांबविण्याची सामान्यतः गरज नसते. गर्भवतीला मात्र हे औषध देण्याचे टाळतात.

औषध शिरेबाहेर सांडले तर हाताला सूज येते. हात उशीवर उंच ठेवावा व गार पट्टी ठेवावी. सूज वाढत गेली, फोड आले किंवा बोटे बधिर झाली तर परत जावे. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर ती ॲलर्जी समजावी. ती विरळा असते आणि बहुतेक वेळा लगेच दिसते. म्हणून इंजेक्शन घेतलेल्याने बाहेर येताच एस. टी. पकडण्याची घाई न करता अर्धा तास तेथेच बसावे.

पाचवी गोष्ट उष्णतेची. रेडिओलहरींमुळे अंग किंचित गरम वाटते, घामही येतो. ते स्वाभाविक आहे. परंतु एकाच ठिकाणी चटका बसत असेल तर हातात दिलेला रबरी फुगा ताबडतोब दाबावा, कारण तो त्यासाठीच दिलेला असतो. घरी आल्यावर त्वचेवर लाल डाग वा फोड दिसला तर वाहत्या गार पाण्याखाली धरावा. शाई, दंतमंजन असले काही फासू नये आणि तपासणी केंद्राला कळवावे. यंत्राचा आवाज हातोड्यांच्या घणघणीसारखा असतो. कानात बोळे घट्ट बसविले नाहीत तर नंतर कान वाजत राहतात. ते एका दिवसात थांबले नाही तर कान दाखवावे.

सहावे कारण सर्वांत महत्त्वाचे. ज्या दुखण्यासाठी तपासणी केली, ते दुखणे तपासणीने जात नाही! चित्र काढल्याने घराची भिंत दुरुस्त होत नाही, तसेच हे आहे. मूळचेच दुखणे दुसऱ्या दिवशी उठते आणि नवे वाटते. म्हणून तपासणीपूर्वी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवावे : कोठे दुखते, केव्हा दुखते, पाळीशी त्याचा संबंध काय, लघवी-शौचाच्या वेळी वाढते का. नंतरचे दुखणे या नोंदीशी ताडून पाहिले की नवे कोणते आणि जुने कोणते हे कळते. डॉक्टरांनाही ही वही मोलाची वाटते. मात्र ताप येणे, पोट दगडासारखे कडक होणे, सारख्या उलट्या होणे, रक्तस्राव फार होणे किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला असह्य कळ येणे, ही लक्षणे कोणत्याही तपासणीच्या नावावर घालू नयेत. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

अहवालाचे दुखणे

शरीराचे त्रास दोन दिवसांत जातात, पण हातात पडलेल्या अहवालाचे दुखणे मात्र पुष्कळ दिवस पुरते. त्यात ‘सिस्ट’, ‘बल्की युटेरस’, ‘फायब्रॉइड’ असे शब्द असतात. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली गाठ. पाळीच्या वयात बीजकोशात अशा साध्या गाठी होतात आणि बहुतेक आपोआप विरतात. गर्भाशयाच्या मुखावरील बारीक गाठी तर बहुधा निरुपद्रवी असतात. बल्की म्हणजे आकाराने थोडे मोठे, एवढेच. अनेक बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय मोठे दिसले तर तो काही रोग नव्हे. फायब्रॉइड ही स्नायूंची गाठ असून ती बहुधा कर्करोगाची नसते. चित्र निर्दोष आले तरी दुखणे खोटे ठरत नाही, कारण काही विकार चित्रात दिसत नाहीत. याच्या उलट, चित्रात दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण असतेच असेही नाही.

ही अक्षरे वाचता न आल्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोचे जोडपे मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली आणि कामाला एक दिवस ‘खाडा’ झाला की पैसे कापलेले. पहाटेपासून ऊस तोडावयाचा, डोक्यावर जड मोळी घेऊन गाडी भरावयाची. कोपीपाशी शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत पुरेसे पाणी नाही. अशा जिण्यात कंबर दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात जंतुसंसर्ग होणे अपरिहार्यच. हंगाम संपवून परतल्यावर दवाखान्यात जावे, सोनोग्राफी व्हावी, ‘पिशवीला गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे ऐकावे आणि पिशवी काढून टाकावी, असे शेकडो घरांत घडले.

२०१९ साली ही गोष्ट देशभर गाजली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला नोटीस दिली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचे हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत निराळी असली तरी अंतर डोळ्यांत भरते. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन जिल्ह्यात घालण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

दुःखाची गोष्ट ही की, पिशवी काढूनही पुष्कळ जणींची कंबर दुखतच राहिली. मोळीने झिजलेली कंबर गर्भाशय काढल्याने बरी कशी होणार? जंतुसंसर्गाला औषध हवे होते, कंबरेला विश्रांती हवी होती. बीजकोशही काढलेल्या तरुण स्त्रियांना अकाली पाळी जाण्याचे, अंगाची आग होण्याचे व हाडे ठिसूळ होण्याचे नवे दुखणे मात्र पदरात पडले.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया नेहमीच चूक, असा नव्हे. कर्करोगात किंवा कशानेही न थांबणाऱ्या रक्तस्रावात ती जीव वाचविते. पण निर्णयापूर्वी चार प्रश्न विचारलेच पाहिजेत : रोगाचे नाव काय? औषधाने बरा होण्यासारखा आहे काय? थांबले तर काय होईल? बीजकोश ठेवणार की काढणार? तपासणीची चित्रे व अहवाल ही रुग्णाची वस्तू आहे. ती मागून घ्यावी, जपून ठेवावी आणि शंका वाटल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

या अंकाचे वाचक लवकरच सुटीत आपापल्या गावी जातील. आष्टी-पाटोद्यापासून धारूर-परळीपर्यंत प्रत्येक गल्लीत एखाद्या मावशीच्या, चुलतीच्या ट्रंकेत अशी एक मोठी पिशवीवजा फाईल निघेल. ती उघडावी, कागद तारखेनुसार लावावेत, अवघड शब्दांचा अर्थ तिच्या बोलीत सांगावा आणि जे कळत नाही ते डॉक्टरांना विचारण्यासाठी तिच्याबरोबर जावे. आपल्या शिक्षणातून तिला एवढे मिळाले तरी पुढच्या तपासणीच्या वेळी ती त्या बोगद्यात थोड्या निर्धास्त मनाने पडून राहील.